कंस आधी सोडवावा

शिकवणीच्या मास्तरला घरात कुठे बसवतात यावरून मी त्या घराची परीक्षा करतो. काही घरांत पडवीत बसवतात, ओल्या छत्र्या ठेवतात तिथे. काही घरांत ओटीवर, पण सतरंजी अर्धीच उलगडून. एका घरी मला खुर्ची मिळाली आणि विद्यार्थ्याला जमीन. मी पहिल्याच दिवशी खुर्ची नाकारून खाली बसलो, कारण त्या सुमारास कचेऱ्यांतून साहेब खुर्चीत आणि रयत उभी या रिवाजाविरुद्ध मी एक पत्रक काढले होते. घरच्या यजमानांनी ते पत्रक वाचले नव्हते. त्यांना वाटले, मास्तरला मूळव्याध असावी. दुसऱ्या दिवशी त्यांनी औषध सुचवले.

मॅट्रिक झाल्यापासून रत्नागिरीत मी शिकवण्या करतो. अजून तिशी गाठायची आहे, तेव्हा आयुष्याचा हिशेब मांडायला बसलो आहे असे कोणी समजू नये. पण पत्रके लिहिणारा म्हणून मला लोक ओळखतात, आणि ज्या कामावर माझे पोट आहे त्याविषयी कोणी विचारत नाही. ते काम मला पत्रकांहून जास्त शिकवून गेले. त्याचे ऋण या दिवाळीत मान्य करावे म्हणून हा लेख.

माझी अक्षरओळखच पत्रकांवर झाली. मामा स्वदेशीची, दारूबंदीची, देवळे सर्वांना उघडा म्हणणारी पत्रके वाटत. उरलेल्यांचे गठ्ठे घरी येत आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी मुळाक्षरे गिरवली. त्यामुळे 'अ' लिहायला लागलो तेव्हाच त्याच्या मागच्या बाजूला काहीतरी धिक्कारलेले असे. ती सवय अजून अंगात आहे.

बाहेरच्या माणसाला शिकवणी म्हणजे मुलाकडून पाठ करून घेणे वाटते. तसे नाही. उत्तर चुकले हे पुस्तकाच्या शेवटची पाने उलटणाऱ्या कोणालाही कळते. ते कुठे चुकले हे मात्र मुलाला बोलते केल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी मुलाला मोठ्याने बोलत उदाहरण सोडवायला लावतो आणि स्वतः पाटीकडे बघत नाही, समुद्राकडे किंवा आढ्याकडे बघतो. यावरून एका वकिलांनी मला काढून टाकले. "मास्तर, तुम्ही आमच्या बंडूकडे बघतच नाही," ते म्हणाले. "मी त्याचे ऐकतो," मी म्हणालो. "ऐकायला मी आहे. तुम्ही उत्तर आणून द्या," ते म्हणाले. एका भुसाऱ्याच्या मुलाला पावकीपासून अडीचकीपर्यंत अपूर्णांकांचे सगळे पाढे तोंडपाठ होते, पण पाटीवर अधिकाची खूण काढली की त्याला घाम फुटे. त्यांच्या दुकानात अधिक आणि उणे यांना खूण नव्हती. वडिलांच्या भुवया होत्या. वर गेल्या की अधिक, खाली आल्या की उणे.

मग मी जेवणावळीतल्या वेगळ्या पंगतींविरुद्ध लिहिले. आधी कोणाची पाने मांडायची, कोणाला मागून वाढायचे, कोणी उष्ट्यावर वाट बघायची, हा सगळा मानपान म्हणजे माणसांचा अपमान आहे असे त्यात होते. शेवटच्या ओळीखाली मी दोन रेघा ओढून छापले होते: ज्या नियमाचे कारण सांगता येत नाही, तो नियम पाळू नये. त्यानंतर दोन घरांतला चहा बंद झाला, आणि मग विद्यार्थीही.

त्या रिकाम्या दिवसांत एका सकाळी मी मांडवीच्या बंदरावर आगबोटीच्या उतारूंना दारूबंदीची पत्रके देत उभा होतो. डोक्यावर मासळीची टोपली घेतलेली एक बाई माझ्यासमोर थांबली. मी पत्रक पुढे केले.

"कागद नको. मला वाचता येत नाय," ती म्हणाली. "तुमी मास्तर ना? पोरांना गणित सांगता ना?"

"सांगतो."

"मंग माझ्या पोरीला सांगा. कागद मागनं वाटा."

तिचे नाव जानकी. नवरा तांडेल, म्हणजे मासेमारीच्या होडीचा म्होरक्या. आठवड्यातले बरेच दिवस तो पाण्यावर. मुलगी कमळ, अकरा वर्षांची, मराठी चौथीत. तिला वाचन उत्तम येत होते, कविता येत होत्या, पण गणितात पदावली आली आणि तिची सगळी उत्तरे चुकू लागली. पदावली म्हणजे अधिक, उणे, गुणिले, भागिले आणि कंस एकाच ओळीत गुंफलेले उदाहरण. त्यात कोणती क्रिया आधी करायची याचा एक क्रम ठरलेला असतो, आणि तो चुकला की सगळेच चुकते. शिमग्यानंतर शाळा तपासायला दिपोटी येणार होते. दिपोटी म्हणजे शाळाखात्याचे तपासनीस, आणि त्यांच्यासमोर कच्ची मुले बसवायची नाहीत असा बहुतेक हेडमास्तरांचा शिरस्ता असतो; निकाल चांगला दिसतो. हेडमास्तरांनी कमळला सांगून टाकले होते, यंदा तू बसू नकोस.

"तिचा बापूस म्हनतो, दिपोटीसमोर बसली, पास झाली, तर सातवीच्या फायनलपर्यंत शिकवीन. नाय बसली तर पुढच्या हंगामाला माझ्यासंगट बाजारात," जानकी म्हणाली. "बाजार वाईट नाय. मी बसतंय ना. पन तिला मास्तरीण व्हायचं हाय. लहानपनापासून कोंबड्यांना शिकवते."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. घरापुढच्या खळ्यात, उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत आम्ही बसलो. मी भिक्षुकाच्या घरचा. तिथे गेल्याबरोबर मी जरा मोठ्याने पाणी मागितले, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असे. आमच्या घरातले कोणी तोपर्यंत त्या वस्तीत पाणी प्यायले नव्हते. जानकी आतूनच म्हणाली, "तहान लागली आसंल तर देतंय. नुसतं दाखवायचं आसंल तर ऱ्हाऊ दे, मास्तर. घागर भरायला मला लांब जावं लागतं." मला तहान लागलेली नव्हती. मी तसे सांगितले. ती हसली, आणि तिथून पुढे आमचे बरे जमले.

कमळच्या पाटीवर मी लिहिले: २० − ४ × ३. आणि समोरच्या पाण्याकडे बघत बसलो.

"वीस. वीसातनं चार गेले, सोळा. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस," ती म्हणाली.

"गुणाकार आधी करायचा."

"का?"

"वजाबाकीच्या आधी गुणाकार, असे असते."

"पन वजाबाकी आधी लिवलीय."

किनाऱ्यावरची रीत मला तेव्हा ठाऊक नव्हती. होडी लागली की मासळीचे ढीग वाळूवर पडतात आणि लिलाव होतो. एक ढीग बोलला गेला की तो संपवायचा, उचलायचा, मगच पुढच्या ढिगाकडे बघायचे. मधला ढीग लटकता ठेवून कोणी पुढच्याला हात लावला की भांडण जुंपते, कारण त्यात लबाडीला जागा असते. कमळ त्या वाळूत वाढली होती. वीस वजा चार असे म्हणून ते अर्धे टाकायचे आणि पुढच्या गुणाकाराला आधी हात घालायचा, हे तिला चुकीचे वाटत नव्हते. ते तिला अप्रामाणिक वाटत होते.

"आधी बोललं त्याचं आधी," ती म्हणाली. "गुनाकार मागनं आला आनि पुढं जाऊन बसला. का म्हनून? तो काय बामन हाय, त्याचं पान पयलं मांडायला?"

"गप गो," जानकी आत मासळी कापत होती ती विळी थांबवून म्हणाली. "मास्तर बामनच हायत."

"मंग त्यांना ठाऊक आसंल," कमळ म्हणाली.

मला ठाऊक नव्हते. म्हणजे नियम ठाऊक होता, शाळेत छडी खाऊन शिकलो होतो. कारण मला कोणी सांगितले नव्हते आणि मी विचारले नव्हते. दुसरा कोणताही मास्तर असता तर नियम आहे म्हणून सांगून पुढे गेला असता. मला ते वाक्य उच्चारता येईना. त्याच्या विरुद्ध मी दोन रेघा ओढून छापले होते.

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

मांडवीहून घरी येईपर्यंत मी स्वतःशी वाद घातला. तो गुणाकार खरोखरच मानकरी असेल, त्याला कारणाशिवाय पहिले पान मिळत असेल, तर मी उद्या कोणत्या तोंडाने ते शिकवणार होतो? पंगतीतला क्रम मोडा म्हणून ओरडणाऱ्याने पाटीवरचा क्रम तसाच कसा पाळायचा? वाचणाऱ्याला हे हास्यास्पद वाटेल. मला तेव्हा वाटले नाही, आताही वाटत नाही. अकरा वर्षांच्या मुलीने एक रास्त प्रश्न विचारला होता आणि तिला खरे उत्तर मिळण्याचा हक्क होता.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा जानकी बाजारात नेण्यासाठी टोपली भरत होती. मासे नगावर विकतात तसे वाट्यावरही विकतात. केळीच्या पानावर लहान ढीग लावायचे, एकेक ढीग म्हणजे वाटा. टोपलीकडे बघता बघता मला सुचले.

"कमळ, टोपलीत वीस बांगडे आहेत असे धर," मी म्हणालो. "आईने त्यातून चार वाटे लावले. एका वाट्यात तीन. टोपलीत किती उरले?"

"आठ." तिला विचारही करावा लागला नाही.

"आधी काय केलेस?"

"बारा काढले."

"आधी चार का नाही काढलेस? चार आधी बोललो होतो मी."

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखे बघितले. "चार काय बांगडे हायत? चार वाटे ते. वीस बांगड्यांतनं चार वाटे कसे काढनार? वाट्यात किती ते कळल्याबिगर?"

मी पाटी घेतली आणि पुन्हा तेच लिहिले. २० − ४ × ३. तिने ते बघितले. बराच वेळ बघितले. मी पहिल्यांदाच समुद्राकडे न बघता तिच्याकडे बघत होतो.

"म्हंजे हे चार बांगडे नायत," ती हळू म्हणाली.

"नाहीत."

"चार गुनिले तीन मिळून एक हाय. फोडायचं नाय ते."

"बरोबर. गुणाकाराला मान म्हणून आधी घेत नाहीत. तो सुटा नाही म्हणून आधी घेतात. तो उलगडून बांगडे किती ते कळेपर्यंत वजाबाकीला काढायला काही नसतेच."

"मंग तसं सांगायचं की पयल्यांदाच," कमळ म्हणाली. "उगाच आधी-मागं करत बसलात."

आणि मग तिने विचारलेल्या प्रश्नाने माझा तो दिवस सोन्याचा झाला. "पन माझे अठ्ठेचाळीस कुठनं आले?"

आम्ही ते शोधले. तीन टोपल्या, प्रत्येकीत वीस बांगडे, प्रत्येकीतले चार नासके निघाले ते फेकले. चांगले किती? अठ्ठेचाळीस. ते लिहायचे असेल तर वीस उणे चार कंसात घालायचे आणि बाहेर गुणिले तीन. म्हणजे तिचे उत्तर चूक नव्हते, ते दुसऱ्या हकिगतीचे उत्तर होते. तेव्हापासून मी कोणत्याही मुलाच्या चुकलेल्या उत्तरावर फुली मारलेली नाही. आधी विचारतो, हे कशाचे उत्तर आहे? निम्म्या वेळा ते कशाचे तरी बरोबर उत्तर निघते. ही युक्ती मला कमळने दिली आणि माझी अर्धी मास्तरकी तिच्यावर उभी आहे.

कंस तिला फार आवडला. कंसात घातले की बेरीजसुद्धा गुणाकाराच्या आधी जाते, कोणालाही जाता येते, हे कळल्यावर तिने सगळ्या पाटीभर कंस काढले. मग मी तिला सांगितले की बेरीज आणि वजाबाकी बरोबरीच्या आहेत. त्या दोघींत जी आधी लिहिली असेल ती आधी करायची. दहा उणे चार अधिक तीन. आधी उणे, मग अधिक, उत्तर नऊ.

"म्हंजे आधी बोललं त्याचं आधी," ती म्हणाली.

"बरोबरीच्यांत, हो."

"किनाऱ्यावर सगळे बरोबरीचेच आसतात," ती म्हणाली आणि पुढचे उदाहरण मागितले.

आठवडाभरात तिचे एकही उत्तर चुकेना. मी जानकीला म्हणालो, आता हेडमास्तरांना सांगा. ती सांगून आली. हेडमास्तर म्हणाले, नावे पाठवून झाली आहेत, पोरगी कच्ची आहे, पुढच्या वर्षी बघू. तांडेल पुढच्या वर्षापर्यंत थांबणार नव्हता. माझे डोके फिरले. त्या रात्री मी पत्रक लिहिले. कोळ्यांच्या मुलीला वर्गात मागे बसवणाऱ्या, परीक्षेत बसूच न देणाऱ्या विद्यामंदिराचे वाभाडे त्यात होते, आणि ते, मी अजूनही म्हणतो, मी लिहिलेले सर्वांत चांगले पत्रक होते. सकाळी छापखान्यात जाण्याआधी मी ते जानकीला वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकले.

"चांगलं लिवलंत," ती म्हणाली. "पन हे छापलंत तर लोक तुमची वाहवा करतील, नायतर तुमाला मारतील. माझी पोरगी दोन्हीकडनं बाहेरच. हेडमास्तर मंग हट्टाला पेटंल."

"मग अन्याय गिळायचा?"

"गिळू नका. खिशात ठेवा. मी पोरीला घेऊन जातंय त्यांच्याकडं. तुमी भाईर उभे ऱ्हावा. बोलायचं नाय."

मी पत्रक खिशात ठेवले. माझ्यासाठी ते सोपे नव्हते, एवढेच लिहितो.

शाळा सुटल्यावर त्या दोघी आत गेल्या. मी आवाराच्या चिऱ्याच्या गडग्याला टेकून खिडकीबाहेर उभा राहिलो. हेडमास्तर उंच, पांढऱ्या पगडीचे, दमेकरी गृहस्थ. त्यांनी कुरकुरत का होईना, पाटी मागवली आणि उदाहरण घातले: ३० − (४ + २) × ३ + ५.

कमळ मोठ्याने बोलू लागली. तशी सवयच मी लावली होती. "चार न् दोन एका टोपलीत, सहा. सहा-सहाचे तीन वाटे, अठरा. तिसातनं अठरा गेले, बारा. न् पाच आले. सतरा."

मग हेडमास्तर म्हणाले, "नियम म्हण."

"कसला?"

"पदावलीचा नियम. वर्गात घोकून घेतलाय. आधी काय, मग काय."

"सुटं नाय ते आधी उलगडायचं, मंग—"

"मी मासळीचा बाजार विचारला नाही. नियम म्हण."

तिला नियम येत नव्हता, कारण मी तो तिला कधी म्हणायलाच लावला नव्हता. कारण कळले की नियम कशाला, हे माझे तत्त्व. त्या तत्त्वापायी माझी विद्यार्थिनी हेडमास्तरांसमोर मान खाली घालून उभी होती आणि मी खिशातल्या कागदावर हात दाबून गडग्याशी.

हेडमास्तरांनी आणखी एक उदाहरण घातले. तिने सोडवले. आणखी एक, भागाकाराचे, अवघड. तेही सोडवले. मग ते खोकले, पाणी प्यायले आणि जानकीला म्हणाले, "उत्तरे येतात हिला. मला वाटले नव्हते. पण दिपोटीसाहेब सगळ्यांना नियम म्हणायला लावतात, आणि नियम आला नाही तर उत्तराकडे बघतच नाहीत. मी तीस वर्षे बघतोय. त्यांना मासळी सांगून चालणार नाही. नियम पाठ करून घ्या. नाव मी वाढवतो."

जानकी बाहेर आली ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ऐकलंत ना?"

ऐकले होते. दुसऱ्या दिवशी मी, कारणाशिवाय नियम पाळू नये म्हणणारा, कमळला नियम घोकायला बसवले: आधी कंस, मग भागाकार-गुणाकार, मग बेरीज-वजाबाकी. घसा कोरडा पडेपर्यंत. मला वाटले ती विचारील, मास्तर, हे का? तिने विचारले नाही. माझा चेहरा पडलेला बघून तीच म्हणाली, "कारन ठाऊक हाय ना आपल्याला. मंग घोकायला काय जातंय? साहेबाला तेवढंच ऐकायला आवडतं, ऐकंल बापडा."

ती बसली आणि पास झाली. तांडेल समुद्रावरून आला तेव्हा मी तिथेच होतो. जानकीने सांगितले. त्याने होडीचा दोर खुंट्याला पक्का बांधला, हात पुसले आणि मला विचारले, "फायनलला किती वर्सं आजून?" मी सांगितले. तो म्हणाला, "बरं." त्याने शब्द पाळला. त्या एका शब्दाबद्दल मी त्याचा जितका आभारी आहे तितका कोणत्याही सभेतल्या ठरावाबद्दल नाही. आणि खोकणाऱ्या हेडमास्तरांचाही आहे. ते पत्रक छापले असते तर मला तो माणूस कधी कळला नसता. ते आता हयात नाहीत.

कमळ फायनल झाली, पुढे शिकली, आणि गेल्या वर्षी मंडणगडाकडच्या एका मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागली. समुद्र दिसत नाही तिथून, चढ-उताराचा मुलूख आहे. आधी तिला झोप लागत नसे. यंदा मी त्या बाजूला व्याख्यानाला गेलो होतो तेव्हा तिची शाळा बघायला गेलो. नेमकी पदावली चालली होती. सगळा वर्ग एका सुरात घोकत होता: आधी कंस, मग भागाकार-गुणाकार, मग बेरीज-वजाबाकी. मी दारात उभा राहिलो. मला वाईट वाटले, आणि ते माझ्या तोंडावर दिसले असणार, कारण मुली सुटल्यावर तिने मला स्वतःची खुर्ची दिली आणि ती बाकावर बसली.

"काय झालं, मास्तर?"

"कारण नाही सांगितलेस त्यांना."

"चाळीस पोरी आहेत," ती म्हणाली. बोलणे आता शाळेचे झाले आहे तिचे. "तुमच्याकडे मी एकटीच होते."

"पण एखादीने विचारले तर?"

"एखादी विचारते कधीमधी."

"मग?"

"मग तिला शाळा सुटल्यावर थांबवते," कमळ म्हणाली, आणि तेव्हा मी बघितले की शेवटच्या बाकावर एक मुलगी पाटी घेऊन अजून बसलेली होती, आमचे बोलणे कधी संपते याची वाट बघत.

मी खुर्चीवरून उठलो.